मध्यम आकाराच्या संकरित कौटुंबिक मोटारीचे मूल्यमापन : काही निकष व एक हिशेब

प्रास्ताविक

मोटार विकत घेऊ इच्छिणारा आपल्याकडील मध्यमवर्गीय माणूस विक्रेत्याला जो पहिला प्रश्न विचारतो तो ठरलेला असतो : ‘गाडी ॲव्हरेज किती देते?’ मूळ इंग्रजीत सरासरी असा अर्थ असलेला हा शब्द मराठीत येऊन ‘एका लिटरमागे धावणारे किलोमीटर’ या अर्थी रूढ झाला, ही भाषेच्या अभ्यासकांना रंजक वाटावी अशी गोष्ट आहे. गंमत अशी की, विक्रेता उत्तरादाखल जो आकडा सांगतो तो कोणाच्याही प्रवासाची सरासरी नसतो. ते प्रयोगशाळेतील एका ठरावीक चाचणीचे फलित असते. साध्या पेट्रोल मोटारीच्या बाबतीत ही गफलत फारशी महागात पडत नाही. संकरित, म्हणजेच हायब्रिड, मोटारीच्या बाबतीत मात्र खरेदीचा जवळजवळ संपूर्ण निर्णय या एका आकड्यावर उभा असतो आणि त्यापोटी ग्राहक काही लाख रुपये अधिक मोजत असतो. अध्यापकवर्गातील बहुतेकांसाठी घराखालोखाल मोठी खरेदी मोटारीचीच असते, आणि तीही बहुधा कर्ज काढून. म्हणून हा आकडा कसा तयार होतो, तो कोठे खरा ठरतो व कोठे फसवा ठरतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखात या प्रकारातील सर्वाधिक परिचित अशी अमेरिकेतील टोयोटा कॅमरी हायब्रिड ही मोटार प्रामुख्याने उदाहरणादाखल घेतली आहे. भारतीय संदर्भासाठी होंडा सिटीच्या संकरित आवृत्तीचा आधार घेतला आहे. प्रस्तुत लेखक अभियंता नसल्यामुळे यंत्रशास्त्राचा भाग हिशेबाला आवश्यक तेवढाच आला आहे.

संज्ञांची स्पष्टता

‘मध्यम आकार’ ही संज्ञा सर्वत्र एकाच अर्थाने वापरली जात नाही. अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण संस्था मोटारीची लांबी मोजत नाही. ती प्रवाशांची जागा व डिकी यांचे एकत्रित घनफळ मोजते आणि हे घनफळ ११० ते ११९.९ घनफूट असेल तर त्या सेडानला मध्यम आकाराची मानते. आपल्याकडे करआकारणीत ४ मीटर लांबी ही निर्णायक सीमारेषा आहे. त्यामुळे साडेचार मीटरच्या आसपास लांबीची सिटी आपल्याकडे मध्यम आकाराची, तर ४.९ मीटरच्या घरातील कॅमरी ही श्रीमंतांची मोटार ठरते. अमेरिकेत तीच कॅमरी शिक्षक, परिचारिका, कारकून अशा लोकांची कौटुंबिक मोटार आहे. परदेशी परीक्षणे वाचून येथे निष्कर्ष काढणाऱ्यांनी एवढा भेद ध्यानात ठेवलेला बरा.

दुसरी संज्ञा ‘हायब्रिड’. या एका शब्दाखाली अगदी भिन्न क्षमतेची यंत्रे विकली गेली आहेत. २०१५ साली मारुती सुझुकीने सियाझ या मोटारीत जी प्रणाली आणली ती सौम्य संकरित स्वरूपाची होती. तीत स्टार्टर व जनित्र यांचे काम करणारे एकच छोटे विद्युतयंत्र इंजिनाला किंचित हातभार लावते, परंतु ते एकट्याने मोटार चालवू शकत नाही. कॅमरी किंवा सिटी यांच्या प्रबळ संकरित प्रणालीत विद्युत मोटर एकटीच काही अंतर गाडी ओढू शकते. दोहोंच्या बचतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, मात्र डिकीवरील बिल्ल्यावरून ते कळत नाही.

तिसरा खुलासाही करायला हवा, कारण त्याविषयीचा गैरसमज सुशिक्षितांतही आढळतो. अशी मोटार भिंतीवरच्या प्लगला जोडली जात नाही. ‘ती स्वतःच चार्ज होते’ असे जाहिरातींत सांगितले जाते. तथापि तिच्या बॅटरीत साठलेली सर्व वीज अखेर टाकीतल्या पेट्रोलातूनच आलेली असते. तेव्हा संकरित मोटार नवी ऊर्जा निर्माण करीत नाही. वाया जाणारी ऊर्जा काही प्रमाणात वाचविते, एवढेच.

बचत नेमकी कोठून येते?

ही वाचविली जाणारी ऊर्जा किती, याचा अंदाज शालेय भौतिकशास्त्रावरूनही बांधता येतो. १६०० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असताना तिच्यातील गतिज ऊर्जा सुमारे २२२ किलोज्यूल असते. सिग्नलवर ब्रेक दाबला की ही सारी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत विरून जाते. पुन्हा तोच वेग गाठण्यासाठी तेवढीच ऊर्जा इंजिनाकडून घ्यावी लागते. शहरी वाहतुकीत इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली व एका लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल ऊर्जा धरली, तर प्रत्येक थांब्याची किंमत सुमारे २८ मिलिलिटर पेट्रोल एवढी होते. महाविद्यालयात जाताना-येताना असे वीस थांबे लागले, तर अर्ध्या लिटरहून अधिक पेट्रोल निव्वळ थांबण्यावर खर्च होते. संकरित मोटारीत ब्रेक लावताना विद्युत मोटर जनित्र बनते आणि या ऊर्जेचा बराचसा भाग बॅटरीत परत जमा करते. सगळा नव्हे, परंतु साध्या मोटारीत परत मिळणारा भाग शून्य असतो, हे विसरता येत नाही.

दुसरी बचत सिग्नलवर इंजिन बंद राहिल्याने होते. तिसरी बचत इंजिनाच्या रचनेतच आहे. या मोटारींत ॲटकिन्सन पद्धतीचे इंजिन वापरतात. त्यात हवा आत घेणारी झडप उशिरा मिटते, त्यामुळे संपीडनापेक्षा प्रसरण अधिक होते आणि इंधनातील ऊर्जेचा अधिक अंश कामी येतो. या पद्धतीचे इंजिन कमी वेगात दुबळे असते. ती उणीव विद्युत मोटर भरून काढते. २०१८ च्या कॅमरी हायब्रिडमधील अडीच लिटर इंजिनाची महत्तम औष्णिक कार्यक्षमता टोयोटाने ४१ टक्के सांगितली होती. टोयोटाच्या रचनेत इंजिन व दोन विद्युत यंत्रे एका ग्रहीय दंतचक्राने जोडलेली असतात, त्यामुळे नेहमीचा गिअरबॉक्स व क्लच लागत नाहीत. होंडाच्या रचनेत बहुतांश वेळ इंजिन केवळ जनित्र फिरविते व चाके मोटर फिरविते. महामार्गावरील वेगात मात्र इंजिन थेट चाकांशी जोडले जाते.

या तीनपैकी पहिल्या दोन बचती थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीतच होतात. २०१८ च्या कॅमरीचे अमेरिकेतील अधिकृत आकडे ही गोष्ट नीट दाखवितात. एलई या साध्या आवृत्तीला शहरात दर गॅलनमागे २८ व महामार्गावर ३९ मैल, तर संकरित एलईला अनुक्रमे ५१ व ५३ मैल असे ते आकडे होते. दर शंभर किलोमीटरला लागणाऱ्या इंधनाच्या भाषेत मांडल्यास शहरात ८.४ लिटरऐवजी ४.६ लिटर, म्हणजे ३.८ लिटरची बचत, महामार्गावर ६.० ऐवजी ४.४, म्हणजे सुमारे १.६ लिटरची बचत. एकच मोटार, पण एकाला दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक लाभ. पुण्यात कोथरूडहून हडपसरला रोज जाणारा अध्यापक आणि आठवड्यातून एकदा द्रुतगती मार्गाने गावी जाणारा अध्यापक यांना एकच सल्ला देता येणार नाही, तो याच कारणाने.

आकड्यांचा इतिहास

अधिकृत आकडा हा चाचणीच्या नियमांवर अवलंबून असतो आणि हे नियम बदलले की मोटार न बदलताही आकडा बदलतो. कॅमरी हायब्रिड २००६ साली ‘२००७ चे मॉडेल’ म्हणून अमेरिकेत आली, तेव्हा तिचा एकत्रित आकडा ३९ मैल, म्हणजे लिटरमागे सुमारे १६.६ किलोमीटर, असा होता. २००८ च्या मॉडेलांपासून तेथील संस्थेने चाचणीत भरधाव वेग, वातानुकूलन व थंड हवामान यांचा समावेश केला. नव्या पद्धतीने त्याच मोटारीचा आकडा ३४ मैल, म्हणजे लिटरमागे १४.५ किलोमीटर, एवढा खाली आला. मालकांच्या टाकीत त्यामुळे काहीच फरक पडला नाही. कागद तेवढा रस्त्याच्या जवळ आला.

पद्धत सुधारली म्हणून प्रश्न संपले असेही झाले नाही. फोर्डने २०१३ च्या फ्यूजन हायब्रिडसाठी शहर, महामार्ग व एकत्रित अशा तिन्ही रकान्यांत ४७ मैल हा आकडा जाहीर केला होता. वापरणाऱ्यांच्या हाती तेवढे पडेना. अखेर जून २०१४ मध्ये फोर्डने एकत्रित आकडा ४२ वर आणला व मालकांना भरपाई दिली. येथे लक्षात घेण्याजोगे असे की, संकरित मोटारीचा आकडा चालविण्याच्या रीतीला अधिक संवेदनशील असतो. इंजिन केव्हा बंद राहील व मोटर केव्हा काम करील याची सीमा पुसट असते. पाय थोडा जड पडला, वेग थोडा वाढला, की इंजिन जागे होते.

भारतातील परिस्थिती आणखी वेगळी आहे. सिटीच्या संकरित आवृत्तीसाठी २०२२ साली लिटरमागे २६.५ किलोमीटर हा आकडा जाहीर झाला. तो ज्या भारतीय चाचणीचक्रावर बेतलेला होता त्यात महत्तम वेग ताशी ९० किलोमीटर असतो व वातानुकूलन यंत्र बंद ठेवलेले असते. मे महिन्यात नागपुरात किंवा सोलापुरात वातानुकूलन बंद ठेवून कुटुंबाला कोण फिरवील? संकरित मोटारीला हा प्रश्न अधिक बोचतो. सिग्नलवर इंजिन बंद राहिले तरी थंड हवेसाठी बॅटरी खर्च होत राहते आणि ती भरण्यासाठी इंजिन पुन्हा सुरू होते.

याखेरीज ‘लिटरमागे किलोमीटर’ हे मापच मनाची दिशाभूल करते. ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक व जॅक सोल यांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा भ्रम प्रयोगांनी दाखवून दिला. आपल्या एककांत उदाहरण घ्यायचे तर दहा किलोमीटर देणारी मोटार बदलून बारा देणारी घेतली, अथवा वीस देणारी बदलून तीस देणारी घेतली, तर शंभर किलोमीटरला होणारी बचत दोन्ही वेळी सारखीच, १.६७ लिटर असते. दुसरा बदल केवढा मोठा भासतो! आधीच काटकसरी असलेल्या मोटारीची संकरित आवृत्ती घेताना आपण नेमके याच भ्रमात सापडतो.

किमतीचा हिशेब

आता मूळ मुद्द्याकडे वळू. सिटीच्या स्वयंचलित पेट्रोल आवृत्तीचा अधिकृत आकडा १८.४ व संकरित आवृत्तीचा २६.५ किलोमीटर. शंभर किलोमीटरला अनुक्रमे ५.४३ व ३.७७ लिटर, बचत १.६६ लिटर. वर्षाला १०,००० किलोमीटर प्रवास धरल्यास १६६ लिटर पेट्रोल वाचते. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये धरला, तर वर्षाची बचत १६,६०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १,३८३ रुपये. संकरित आवृत्ती मे २०२२ मध्ये आली तेव्हा दोन्ही आवृत्त्यांच्या किमतींत चार लाखांहून अधिक अंतर होते. चार लाखच धरले तरी ते भरून निघण्यास २४ वर्षे लागतात. वर्षाला ३०,००० किलोमीटर फिरणाऱ्यालाही ८ वर्षे लागतात.

हा साधा हिशेबसुद्धा उदार आहे, कारण त्यात व्याज नाही. हेच चार लाख रुपये दर साल ९ टक्के दराने ७ वर्षांच्या कर्जाने उभे केले, तर मासिक हप्ता सुमारे ६,४३६ रुपये पडतो. महिन्याला १,३८३ रुपये वाचविण्यासाठी ६,४३६ रुपयांचा हप्ता भरणे याला काटकसर म्हणता येणार नाही.

अर्थात या हिशेबाला दोन दुरुस्त्या आवश्यक आहेत आणि त्या न केल्यास संकरित मोटारीवर अन्याय होईल. एक म्हणजे किमतीतील सगळे अंतर संकरित प्रणालीचे नव्हते. त्या आवृत्तीत चालकाला साहाय्य करणारी सुरक्षा यंत्रणा होती, जी तेव्हा साध्या सिटीत मिळत नव्हती. त्या यंत्रणेची किंमत ग्राहकाने आपल्या गरजेनुसार वेगळी काढावी. दुसरी दुरुस्ती शहरी वापराची. वर पाहिल्याप्रमाणे केवळ शहरात चालणाऱ्या मोटारीची बचत या सरासरीहून बरीच जास्त भरू शकते. ती दुप्पट धरली तरी वर्षाला १०,००० किलोमीटरवाल्याची बारा वर्षे उरतातच.

अमेरिकेत हे चित्र वेगळे का दिसते? २०१८ साली एलई आवृत्तीची किंमत २४,००० डॉलर व संकरित एलईची २७,८०० डॉलर होती. अंतर ३,८०० डॉलरचे. तेथे वर्षाला १५,००० मैल प्रवास गृहीत धरण्याची पद्धत आहे. एकत्रित आकडे अनुक्रमे ३२ व ५२ मैल; म्हणजे वर्षाला सुमारे १८० गॅलनची बचत. गॅलनला ३ डॉलर दराने ५४० डॉलर. साधारण सात वर्षांत अंतर भरून निघते. तेथील अंतरे मोठी आणि संकरित प्रणालीची अधिक किंमत उत्पन्नाच्या मानाने लहान, हे त्याचे साधे कारण होय. शिवाय २००५ च्या ऊर्जा कायद्यान्वये आरंभी कॅमरी हायब्रिडच्या ग्राहकाला २,६०० डॉलरची करसवलत मिळत होती, जी कंपनीच्या विक्रीची मर्यादा ओलांडल्यावर टप्प्याटप्प्याने संपली. २०२५ च्या मॉडेलपासून तर तेथे कॅमरी केवळ संकरित स्वरूपातच मिळते. आरंभीची किंमत २८,४०० डॉलर ठेवण्यात आली. साधी आवृत्तीच उरली नाही, तेव्हा ‘जादा किंमत कधी वसूल होईल’ हा प्रश्नही तेथे त्या मोटारीपुरता निकालात निघाला.

आपल्याकडे करधोरणाने उलटसुलट वळणे घेतली. २०१३ पासून कॅमरी हायब्रिडची जुळणी कर्नाटकातील बिडदी येथे होऊ लागली. २०१५ च्या फेम योजनेत तिच्यावर अनुदान मिळाले आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर २८ टक्के कर व १५ टक्के उपकर असा एकूण ४३ टक्क्यांचा भार आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर जाऊन ४ मीटरहून लांब संकरित मोटारींवर ४० टक्के कर आहे. दोन वर्षांच्या अंतराने घेतलेल्या एकाच मोटारीचा हिशेब म्हणून वेगवेगळा येतो, आणि मित्राचा जुना अनुभव आपल्याला लागू पडतोच असे नाही.

डिकी, बॅटरी आणि घाट

कौटुंबिक मोटार म्हटली की सामान आले. बॅटरी कोठे बसविली आहे हा प्रश्न म्हणून केवळ तांत्रिक राहत नाही. २००७ च्या कॅमरी हायब्रिडमध्ये ती मागील आसनाच्या पाठीशी होती व डिकी सुमारे १५ घनफुटांवरून १०.६ घनफुटांवर आली होती. २०१८ मध्ये बॅटरी आसनाखाली गेली आणि डिकी पुन्हा साध्या आवृत्तीएवढी, १५.१ घनफूट झाली. सिटीत हा प्रश्न सुटलेला नाही : साध्या आवृत्तीची डिकी ५०६ लिटरची, संकरित आवृत्तीची ३०६ लिटरची. गणपतीला चौघांचे कुटुंब कोकणात निघाले की या दोनशे लिटरांचे मोल कळते. परीक्षणांत या आकड्यावर एखादे वाक्य असते. प्रस्तुत लेखकाच्या मते तो अश्वशक्तीच्या आकड्याहून महत्त्वाचा आहे. अश्वशक्तीच्या जोरावर संकरित कौटुंबिक मोटार विकण्याचा प्रयोग होंडाने अमेरिकेत करून पाहिला होताच. २००५ ची ॲकॉर्ड हायब्रिड २५५ अश्वशक्तीची, सहा सिलिंडरांची होती. ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरविली व २००७ नंतर ती बंद झाली. पुढे २०१४ च्या मॉडेलमध्ये होंडा दोन मोटरींच्या काटकसरी रचनेकडे वळली.

बॅटरी किती वर्षे टिकेल, ही भीती सर्वाधिक बोलून दाखविली जाते. ती अनाठायी नसली तरी अतिरंजित आहे. या मोटारींतील बॅटरी कधीही पूर्ण भरत वा पूर्ण रिकामी होत नाही. नियंत्रक तिला मधल्या पट्ट्यात ठेवतो, त्यामुळे तिचे आयुष्य वाढते. टोयोटाने २०२० च्या मॉडेलांपासून अमेरिकेत बॅटरीची हमी १० वर्षे अथवा १,५०,००० मैल अशी केली; भारतात सिटीच्या बॅटरीला ८ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटरची हमी देण्यात आली. ऑस्ट्रेलियात कॅमरी हायब्रिड टॅक्सी म्हणून मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, आणि टॅक्सीचालक हा यंत्राचा सर्वांत निर्दय परीक्षक असतो. एक काळजी मात्र घ्यावीच लागते. बॅटरी थंड ठेवणारी हवा कॅमरीत मागील आसनाजवळच्या जाळीतून ओढली जाते. त्या जाळीवर उशी, शाल किंवा दप्तर टाकू नये आणि धुळीच्या प्रदेशात ती वेळोवेळी साफ करून घ्यावी.

घाटाचा विचार परदेशी परीक्षणांत सहसा नसतो. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंतची चढण सुमारे साडेपाचशे मीटरची आहे. १६०० किलोची मोटार एवढी खाली उतरताना जवळपास २.४ किलोवॅट-तास ऊर्जा मोकळी होते. २००७ च्या कॅमरीतील बॅटरीची एकूण क्षमता १.६ किलोवॅट-तास होती व तिचाही काही भागच वापरात येतो. घर्षण व हवेचा रोध वजा केला तरी अर्ध्या घाटातच बॅटरी भरते, त्यापुढे ऊर्जा परत मिळविणे थांबते आणि भार पुन्हा इंजिनाच्या रोधावर व साध्या ब्रेकवर येतो. चढताना याच्या उलट घडते : बॅटरी उतरली की सारा भार ॲटकिन्सन इंजिनावर पडतो आणि एरवी शांत असलेली मोटार एकाएकी मोठ्याने घोंघावू लागते. हा बिघाड नव्हे; परंतु तो आवाज खरेदीपूर्वी एकदा ऐकलेला असावा.

शोरूमभोवतीची वीस मिनिटांची फेरी त्यासाठी पुरेशी नाही. शक्य असल्यास तीच मोटार वापरणाऱ्या परिचिताकडून ती एखाद्या आठवड्यासाठी मागून घ्यावी, टाकी काठोकाठ भरावी, वातानुकूलन चालू ठेवून आपल्या नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या वेळी चालवावी, आणि त्याच पेट्रोल पंपावर पुन्हा काठोकाठ भरून लिटर व किलोमीटर वहीत मांडावेत. फलकावरील आकडा टाकीच्या हिशेबापेक्षा थोडा चढा असू शकतो. असे सलग तीन वेळा केल्यावर जो आकडा येईल तो वरील हिशेबातील २६.५ च्या जागी घालावा, वर्षभराचे आपले किलोमीटर १०,००० च्या जागी घालावेत, आणि हप्त्याचा आकडा बँकेकडून लेखी घ्यावा.